पानठेल्यावरचा एनबीए: ‘सगळ्यात भारी कोण’ आणि ‘यंदा कोण जिंकणार’ या वादात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारास आमच्या पानठेल्यावर दोन विषय चाललेले असतात. एक, संत्र्याच्या बागेला विहिरीचं पाणी पुरेल का. दुसरा, एनबीएतला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, मायकल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स. पहिल्यावर सगळ्यांचं एकमत असतं, की पुरत नाही. दुसऱ्यावर इतक्या वर्षांत एकदाही झालेलं नाही.

मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात बास्केटबॉल कुठून आला, असं पाहुणे विचारतात. शाळेतून आला. आमचे पीटीचे सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. १९१४ पासूनची ती संस्था. तिथून बाहेर पडलेला माणूस गावात गेला की पहिल्यांदा मैदान शोधतो. सरांनी वेल्डरकडून लोखंडी रिंग करून घेतली आणि आम्हाला नादाला लावलं. पुढे मोबाइलवर स्वस्त डेटा आला आणि नाद घरात शिरला.

मागच्या उन्हाळ्यात एक नवा पोट्टा ठेल्यावर आला. दोन आठवडे नुसत्या रील बघितलेल्या. आल्या आल्या डेन्व्हर संघाच्या निकोला योकिचबद्दल म्हणाला, “योकिच काही भारी नाही, त्याले तं उडीच मारता येत नाही.” पुढचा अर्धा तास त्याचं काय झालं ते लिहीत नाही. पण त्याची चूक समजण्यासारखी होती. त्याला कुणी वाट दाखवली नव्हती, म्हणून हा लेख.

पहिली पायरी: हंगाम समजून घ्या

एनबीएत ३० संघ आहेत. पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, प्रत्येकी १५. ऑक्टोबरच्या शेवटी सुरुवात होते आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. हा झाला साखळीचा भाग. गटातले पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे बादफेरीत जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे संघ ‘प्ले-इन’ नावाच्या छोट्या झटापटीतून उरलेल्या दोन जागा मिळवतात. मग १६ संघ आणि चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत त्याच दोन संघांची मालिका असते, जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे. म्हणजे चषकासाठी १६ विजय लागतात.

क्रिकेटवाल्यांना इथे पहिला धक्का बसतो. आयपीएलच्या बादफेरीत एका दिवशी नशीब फिरलं तर दुबळा संघही बाजी मारतो. इथे त्याच संघाला सात सामन्यांत चारदा हरवावं लागतं. नशिबाला जागा आहे, पण चिंचोळी. आणि साखळीत ज्याचे विजय जास्त त्याला पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना आपल्या मैदानावर मिळतो. सातवा सामना कुणाच्या घरी आहे हे न बघता ‘यंदा अमुकच’ म्हणणारा माणूस आमच्याकडे फार वेळ टिकत नाही.

भिंतीवर बियाणे कंपनीचं कॅलेंडर असेलच. त्यावर एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत पेनाने रेघ ओढा. तुमचा अभ्यास तेवढ्यातच होणार आहे. अंतिम मालिका साधारण मृग लागतो तेव्हा रंगात येते. हा योगायोग आमच्या घरातल्या मंडळींना अजिबात आवडत नाही.

दुसरी पायरी: घड्याळ, वीज आणि डेटा

उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपण साडेनऊ तास पुढे असतो. तिथे रात्रीचे साडेआठ म्हणजे इथे सकाळचे सहा. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा होतो. हे कागदावर लिहून ठेवा, नाहीतर पहाटे साडेचारला उठून एक तास रिकाम्या मैदानाचा फोटो बघत बसाल. मी बसलो आहे.

पश्चिमेकडच्या शहरांतले सामने आणखी उशिरा, म्हणजे आपल्याकडे सात-साडेसातला सुरू होतात. विदर्भाच्या उन्हाळ्याला हे वेळापत्रक मानवतं. सकाळी गच्चीवरची झोप मोडून मोबाइल उघडायचा, साडेआठ-नऊला सामना संपतो, मग ऊन तापायच्या आत शेतात एक चक्कर. अडचण विजेची. वळवाचं वादळ रात्री आलं की तार तुटते आणि पहाटे फोन आठ टक्क्यांवर. प्लेऑफच्या दिवसांत फोन रात्री जेवणाआधीच चार्जिंगला लावा.

पूर्ण सामना दाखवणारी लीगची सशुल्क सेवा आहे. रोजच्या दीड जीबीत भागवायचं असेल तर सामन्याचा सारांश यूट्यूबवर फुकट मिळतो. पण सारांशावर मत बनवू नका. त्यात टाकलेले बास्केट दिसतात. ज्याच्यामुळे समोरच्याला बास्केट टाकता आलंच नाही, तो दिसत नाही. आठवड्यातून एक सामना तरी पूर्ण बघा. तोही एकाच संघाचा बघत राहा, दहा सामने. दहाव्या सामन्याला कोच कुणाला कधी बसवतो, शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कुणाच्या हातात जातो, हे आपसूक ओळखू येईल.

ठेल्याचा एक अलिखित नियम इथेच सांगून टाकतो. निकाल मोठ्याने बोलायचा नाही. ज्याला पिकाला पाण्याची पाळी देऊन यायला उशीर झाला त्याने अजून बघितलेलं नसतं. आधी विचारायचं, “पाह्यलं का, भाऊ?”

तिसरी पायरी: ‘भारी’ म्हणजे काय, ते आधी ठरवा

इथे वेळ घाला. नव्वद टक्के भांडणं इथेच होतात, आणि ती उगाच होतात, कारण दोन माणसं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

बाजार समितीत ‘चांगला कापूस’ म्हटलं तर व्यापारी धाग्याची लांबी बघतो, ओलावा बघतो. घरचा माणूस वजन बघतो. दोघंही खरं बोलतात. तसंच ‘भारी खेळाडू’चं आहे. या शब्दात किमान तीन प्रश्न दडलेत: यंदाच्या साखळीत कुणी सगळ्यात चांगला खेळ केला? प्लेऑफ जिंकायला तुम्ही आधी कुणाला घ्याल? आणि आजवरच्या इतिहासात सगळ्यात मोठा कोण?

पहिल्या प्रश्नाचं अधिकृत उत्तर म्हणजे एमव्हीपी, ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर’, हंगामातला सगळ्यात मोलाचा खेळाडू. तो पत्रकारांच्या मतांनी ठरतो आणि मतं प्लेऑफआधीच पडतात. २०२३-२४ पासून किमान ६५ सामने खेळल्याशिवाय नावाचा विचारच होत नाही. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान वेगळा. संत्र्याचा आंबिया बहार वेगळा, मृग बहार वेगळा. झाड तेच असलं तरी एकाचा भाव दुसऱ्याला लावून चालत नाही.

हे पटत नसेल तर डर्क नोविट्स्कीचं २००७ साल बघा. त्याच्या डॅलस संघाने साखळीत ६७ सामने जिंकले. पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटने त्यांना ४-२ ने घरी पाठवलं. त्यानंतर काही दिवसांनी डर्कला एमव्हीपीचा चषक मिळाला. बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात वर्षातला सर्वोत्तम खेळाडू असल्याचा चषक! मत देणारे चुकले नव्हते, त्यांना विचारलेला प्रश्नच साखळीपुरता होता. त्याच डर्कने २०११ मध्ये डॅलसला विजेतेपद मिळवून दिलं, अंतिम मालिकेचा मानकरीही तोच ठरला, आणि तोंडं बंद झाली.

दोन्ही मान एकाच वर्षी मिळवणारे थोडे. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या शे गिलजस-अलेक्झांडरने ते केलं, शिवाय गुणांच्या सरासरीतही तो लीगमध्ये पहिला होता, ३२.७. त्याच हंगामात डेन्व्हरच्या निकोला योकिचची सरासरी होती २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि १०.२ असिस्ट (ज्यावर सोबत्याने बास्केट टाकलं तो पास). उडी न मारता येणाऱ्या माणसाचे हे आकडे! २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, तो ४१ वा होता, आणि त्यानंतर २०२१, २०२२ आणि २०२४ असे तीन एमव्हीपी. शे की योकिच, हा त्या वर्षीचा ठेल्यावरचा वाद होता. माझं मत योकिचकडे, पण शेचा संघ ६८ सामने जिंकला होता. ‘चांगल्या संघातला सर्वोत्तम’ की ‘ज्याच्यावाचून संघच नाही असा’, हे ज्याने त्याने ठरवावं. ठरवून मग बोलावं एवढंच.

आता तिसरा प्रश्न, म्हणजे इतिहास. इथे म्हातारेकोतारेही सामील होतात.

जॉर्डनवाल्यांचं म्हणणं साधं असतं. सहा वेळा अंतिम मालिका, सहा वेळा विजय, सहाही वेळा मालिकेचा मानकरी. शिवाय पाच एमव्हीपी. लेब्रॉनवाले म्हणतात, चार विजेतेपदं खरी, पण दहा वेळा अंतिम मालिका गाठली, त्यातल्या २०११ ते २०१८ सलग आठ. करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम ७ फेब्रुवारी २०२३ ला मोडला आणि पुढच्या वर्षी चाळीस हजारही ओलांडले. यावर हमखास येणारं उत्तर, “पण सहा वेळा हरला ना बे थो!” त्याला माझं उत्तर असं: १९८५ ते १९८७ ही तीन वर्षं जॉर्डन पहिल्याच फेरीत बाहेर पडला. अंतिम मालिकेत हरणं हे पहिल्या फेरीत हरण्यापेक्षा वाईट कसं? एवढं बोलूनही मी जॉर्डनवालाच आहे. अंतिम मालिकेत त्याचा संघ कधी सातव्या सामन्यापर्यंतही गेला नाही. सहाही अंतिम मालिका सहा किंवा त्याहून कमी सामन्यांत निकाली निघाल्या.

फक्त विजेतेपदं मोजायची असतील तर वाद पाच मिनिटांत संपतो. बिल रसेल, १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा. तरी ठेल्यावर कुणी रसेलचं नाव पहिलं घेत नाही. आणि रॉबर्ट ऑरीकडे सात आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त. ऑरी जॉर्डनपेक्षा मोठा, असं अजून तरी कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. म्हणजे नुसती विजेतेपदं मोजून भागत नाही, हे सगळ्यांनाच मनातून माहीत असतं.

आकडे मोजायचे तर विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२ ला एका सामन्यात १०० गुण. त्या हंगामाची सरासरी ५०.४. आणि त्या वर्षी एमव्हीपी कोण? रसेल! तेव्हा लीगमध्ये नऊच संघ होते, खेळ आजच्यापेक्षा भरधाव होता, म्हणून प्रत्येकाला बास्केट टाकायच्या संधी जास्त मिळत. तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आली. म्हणून वेगवेगळ्या काळांतल्या दोघांची तुलना करताना ‘हा आपल्या काळातल्या इतरांपेक्षा किती पुढे होता’ एवढंच बघायचं. विल्टला आजच्या मैदानात आणून उभं करण्याच्या गप्पा रात्री जेवणानंतर ठीक, वादात नको.

चौथी पायरी: आकड्यांची झडती

गुण, रिबाउंड आणि असिस्ट हे तीन आकडे सगळ्यांना पाठ असतात. चौथा शिका, तुमचं वजन वाढेल.

समजा गावात दोघांनी सोयाबीन काढलं, दोघांचंही तीस क्विंटल. एकाचं पाच एकरात, दुसऱ्याचं आठ एकरात. चांगला शेतकरी कोण, हे लहान पोरही सांगेल. आपण एकरी झडती, म्हणजे एकरी उत्पन्न विचारतो. बास्केटबॉलमधल्या झडतीला ‘ट्रू शूटिंग’ म्हणतात.

गणित असं: फ्री थ्रोच्या (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) प्रयत्नांना ०.४४ ने गुणा, त्यात मैदानातून मारलेल्या शॉट्सची संख्या मिळवा, बेरजेची दुप्पट करा आणि एकूण गुणांना त्या आकड्याने भागा. एकाने २० शॉट आणि ८ फ्री थ्रो घेऊन ३० गुण केले. २० अधिक ३.५२ म्हणजे २३.५२, दुप्पट ४७.०४. तीसला त्याने भागलं की जवळपास ६४ टक्के. दुसऱ्यानेही ३० केले, पण २८ शॉट आणि ४ फ्री थ्रो घेऊन. त्याचे येतात ५० टक्क्यांच्या आसपास. पहिल्याची रात्र झकास, दुसऱ्याने चेंडू वाया घालवला. बातमीत मात्र दोघांपुढे ‘३० गुण’ एवढंच लिहिलेलं असतं.

बाकीचे सतराशे साठ आकडे आहेत, ते सध्या सोडा.

पाचवी पायरी: चिठ्ठी लिहा

यंदाचा विजेता कोण, यावर बोलायचा अधिकार आमच्याकडे चिठ्ठीने मिळतो. प्लेऑफ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने कागदावर विजेत्याचं नाव आणि अंतिम मालिका किती सामन्यांत संपेल तो आकडा लिहायचा. चिठ्ठ्या ठेलेवाल्या भाऊंच्या सुपारीच्या रिकाम्या डब्यात. जून संपला की “मी तं पहिलेच म्हटलं होतं” म्हणणारे फार निघतात, त्यांच्यावर हा उतारा. पैज तर्री-पोह्यांची. पैशांवर लावायची नाही. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला, आणि कायद्याआधीही आमच्या आसपासच्या दोन-चार घरांनी त्यात काय गमावलं ते आम्ही बघितलंय.

चिठ्ठी लिहिण्याआधी काय बघाल?

सगळ्यात आधी दुखापती. २०१९ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटचा केविन ड्युरंट पाचव्या सामन्यात जायबंदी झाला, क्ले थॉम्पसन सहाव्यात, आणि चषक टोरांटोला गेला. २०२५ मध्ये इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन सातव्या सामन्याच्या पहिल्याच टप्प्यात टाचेची शीर तुटून पडला. जिंकले ओक्लाहोमा. त्या दिवशी ठेल्यावर ओक्लाहोमाच्या बाजूचेही गप्प होते.

मग जोड बघा. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बघितला असेल तर हे समजावून सांगायची गरज नाही. एक बैल वाऱ्यासारखा आणि दुसरा रेंगाळणारा असेल तर जोड सेकंदांत मार खाते, आणि धुरकरी, म्हणजे हाकणारा, कच्चा असेल तर दोन्ही चांगले बैल असूनही जोड वाकडी जाते. बास्केटबॉलमध्ये पाच बैल आणि बाकावर आणखी तीन. प्लेऑफमध्ये कोच सात-आठ जणांनाच खेळवतो. म्हणून पहिल्या दोघांची नावं सगळ्यांना माहीत असतात. तुम्ही सहावा, सातवा आणि आठवा कोण ते बघा. २००४ मध्ये डेट्रॉइटने लेकर्सना ४-१ ने हरवलं. लेकर्सकडे शॅक, कोबी, मलोन आणि पेटन. डेट्रॉइटकडे एकही तसं मोठं नाव नाही, पण पाचही जण एका चालीने धावणारे.

साखळीतला क्रमांक बघा, पण त्याला देव मानू नका. २०१६ मध्ये गोल्डन स्टेटने ७३ सामने जिंकून विक्रम केला, अंतिम मालिकेत ३-१ ने पुढे होते, आणि तरी लेब्रॉनच्या क्लीव्हलंडने चषक उचलला. २०२३ मध्ये मायामी प्ले-इनचा पहिला सामना हरले, कसेबसे आठव्या क्रमांकाने आत आले आणि थेट अंतिम मालिकेत जाऊन उभे राहिले. तिथे मात्र योकिचच्या डेन्व्हरने ४-१ ने आटोपलं. १९९५ मध्ये ह्यूस्टन सहाव्या क्रमांकावरून विजेते झाले, त्याखालून कुणी जिंकल्याचं उदाहरण २०२५ पर्यंत तरी नाही. म्हणून चिठ्ठीवर सातव्या-आठव्या संघाचं नाव लिहिणाऱ्याला आम्ही पोहे आधीच भरायला सांगतो.

आणखी एक. ‘मागच्या वर्षी जिंकले, यंदाही जिंकतील’ हे वाक्य टाळा. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले: टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन आणि ओक्लाहोमा. ही यादी पाठ करा. ठेल्यावर एका दमात म्हणून दाखवली की चहा फुकट.

मालिका चालू असताना मतं बदलायची मुभा आहे, चिठ्ठी बदलायची नाही. पहिला सामना हरला म्हणून रडू नका. पण ०-३ झालं तर समजून घ्या. २०२५ च्या प्लेऑफपर्यंत तिथून एकही संघ परत आलेला नाही.

सहावी पायरी: बोलायची रीत, आणि दहा फ्री थ्रो

वयाने मोठ्यांशी वाद घालताना आधी “काकाजी, तुमचं बरोबर हाये, पण” असं म्हणायचं आणि मग त्यांचं कसं चुकतंय ते सांगायचं. यात ढोंग नाही, ही आमच्याकडची पद्धत आहे. बरोबरीच्यांशी अबे-काबे चालतं. समोरच्याचा आवडता संघ हरला त्या दिवशी त्याला छेडायचं नाही, दुसऱ्या दिवशी मनसोक्त छेडायचं. आपला अंदाज चुकला तर “माहा अंदाज चुकला” एवढे तीन शब्द, पुढे ‘पण’ लावायचा नाही. नवे असाल तर पहिले दोन आठवडे प्रश्नच विचारा. “काकाजी, हा माणूस शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर काऊन बसला?” असा प्रश्न विचारणाऱ्याला लोक जागा करून देतात.

आणि कुणाला ‘फालतू’ म्हणायच्या आधी शाळेच्या मैदानावर जाऊन दहा फ्री थ्रो मारा. रेषा बोर्डापासून १५ फुटांवर, रिंग जमिनीपासून दहा फूट. रिंगवरून आठवलं. आमच्या वेल्डरने केलेली पहिली रिंग नऊ फुटांवर बसली होती. दोन वर्षं गावातली अर्धी पोरं स्वतःला जॉर्डन समजत होती, चार जण तर डंकही मारत, म्हणजे उडी मारून चेंडू हाताने थेट रिंगमध्ये कोंबत. मग तालुक्याच्या स्पर्धेत गेलो आणि एकाचाही हात रिंगला लागेना. परत आल्यावर सरांनी टेप लावून मोजलं. रिंग वर गेली आणि जॉर्डन कमी झाले.

मिलवॉकीच्या यानिस आंतेतोकुंबोच्या फ्री थ्रोला परक्या मैदानावरचे प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजायचे, इतका तो वेळ घ्यायचा आणि चुकायचा. २०२१ च्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात त्याने १९ पैकी १७ टाकले, एकूण ५० गुण केले आणि चषक नेला. मी दहातले चार टाकतो, तेही संध्याकाळी, वारा पडल्यावर. उडीवाल्या त्या पोट्ट्याचे सहा जातात. यंदा डब्यात त्याचीही चिठ्ठी आहे. काय लिहिलंय ते सांगत नाही, पण टाकताना ठेलेवाल्या भाऊंना म्हणाला, पोह्यांवर तर्री जास्त सांगून ठेवा.